ग्रँड बीचला जाताना वाऱ्याची दिशा बघा

विनिपेगमध्ये नव्यानं आलेल्या मराठी घरांत पहिल्या उन्हाळ्यात ग्रँड बीचचा बेत हमखास ठरतो, आणि तो ठरायलाच हवा. एवढा लांब हिवाळा काढल्यावर उघड्या आभाळाखाली, अनवाणी पायांनी दिवस घालवायची गरज शरीराला असते आणि मनालाही. शहरातून हायवे ५९ नं उत्तरेला निघायचं, ब्रोकनहेड ओजिबवे नेशनची वस्ती ओलांडायची आणि पुढे १२ नंबरचा रस्ता धरायचा. तास-सव्वा तासात पांढऱ्या बारीक वाळूची सुमारे तीन किलोमीटरची पुळण समोर येते. मागे वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यामागे एक शांत लगून. १९१६ पासून लोक इथे सहलीला येतात. तेव्हा रेल्वे कंपनीनंच हे ठिकाण वसवलं होतं आणि शहरातून गाड्या भरभरून माणसं यायची. १९६१ मध्ये ते प्रांताचं उद्यान झालं.

तेव्हा जाच. पण जाण्याआधी माझं एक ऐका.

कोकणातला, गोव्यातला समुद्र पाहिलेला माणूस इथे सहज फसतो. पाणी खारट नाही, भरती-ओहोटी नाही, गुडघाभर पाण्यात बरंच आत चालत जाता येतं. मग ‘तळंच तर आहे’ म्हणून आपण मुलांना पाण्यात सोडतो आणि चटईवर डबे उघडून गप्पांना बसतो. लेक विनिपेगचा पसारा सुमारे २४,५०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे पुणे आणि सातारा जिल्हे एकत्र केले तर त्याहून थोडंसंच कमी. आणि एवढ्या पसाऱ्याची सरासरी खोली फक्त १२ मीटर. अशा रुंद, उथळ पाण्यावर चंद्राची नाही, वाऱ्याची सत्ता चालते. उत्तरेचा जोरदार वारा सुटला की तो सरोवराच्या लांबीभर पाणी दक्षिणेकडे रेटतो, आणि दक्षिण टोकाची पातळी कधीकधी मीटरभरही चढते. लाटाही अरबी समुद्रासारख्या लांब दमाच्या नसतात. त्या आखूड आणि उभ्या असतात, एकीमागून एक लगेच येतात. पहिल्या लाटेनं पडलेलं मूल उठायच्या आत दुसरी येते. मागच्या खेपेला जिथे कमरेएवढं पाणी होतं, तिथे आज ते गळ्यापर्यंत असू शकतं.

याच्या उलट दिवस मला जास्त घाबरवतो. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असतो, काठाजवळचं पाणी अगदी निवांत दिसतं आणि सगळे म्हणतात, आज काय सुंदर आहे! नेमक्या अशाच दिवशी फुगवलेली रिंग, गादी किंवा चेंडू बघता बघता आत वाहून जातो. म्हणून पोहोचल्यावर पाण्याकडे तोंड करून क्षणभर उभे राहा. वारा पाठीवर लागत असेल, तर फुगवायच्या वस्तू गाडीतच ठेवा. तरीही एखादी गेलीच, तर जाऊ द्या. पंधरा-वीस डॉलरच्या गादीमागे कुणीही, कितीही चांगला पोहणारा असला तरी, जायचं नाही. हे मुलांना घरून निघतानाच बजावून ठेवा. लगूनचं पाणी जिथून सरोवराला मिळतं, त्या अरुंद वाटेजवळही मुलांना खेळू देऊ नका. पातळी चढली-उतरली की तिथे ओढ तयार होते.

२०१६ च्या उन्हाळ्यात याच किनाऱ्यावर दोन मुलं बुडाली, दोन वेगवेगळ्या दिवशी. मोसमात इथे सुरक्षा कर्मचारी गस्त घालतात, तरी तीन किलोमीटरच्या गर्दीत तुमच्या मुलावर नजर ठेवणं हे तुमचंच काम आहे. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून ओरडत नाही. त्याला श्वास घ्यायलाच सवड नसते, ओरडणार कुठून? सगळं आवाज न होता, अगदी थोड्या वेळात होतं. लहान मूल पाण्यात असेल तर हात लांबवून धरता येईल एवढ्याच अंतरावर उभं राहायचं, आणि हातात फोन नको. मंडळाच्या पिकनिकला पन्नास माणसं असतात तेव्हा धोका कमी होत नाही, वाढतो. प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी बघतंय. तेव्हा नावं ठरवून पाळी लावा: अर्धा तास या दोघांनी फक्त पाण्याकडे बघायचं, मग पुढच्या दोघांनी. भज्या, बार्बेक्यू, अंताक्षरी त्यांच्यासाठी थांबेल.

काका-मामा मंडळींशीही थोडं बोलायचंय. तुमच्यापैकी बरेच जण गावच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेत. ते शिक्षण खरं आहे, पण विहिरीत चार हात मारले की कठडा सापडतो. इथे तो सापडत नाही. मे महिन्यात या सरोवरावर अजून बर्फ असतो. जूनमध्ये वर कितीही ऊन असलं तरी पाणी इतकं गार असतं की एकदम उडी मारल्यावर श्वास अडकतो आणि हातपाय ऐकत नाहीत. हळूहळू उतरा, काठाला समांतर पोहा.

आणि बायकांनो, जीन्स किंवा ओढणीसकट पंजाबी ड्रेस घालून पाण्यात जाऊ नका. भिजलेलं कापड जड होतं, पायांत अडकतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप आणि लेगिंग्ज सहज मिळतात. त्यात अंगही झाकलं जातं आणि उन्हापासूनही बचाव होतो. लाज वाटते म्हणून काठावरच बसून राहण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

आता पाण्याच्या स्वच्छतेबद्दल. इथल्या पाण्याची उन्हाळाभर तपासणी होते. १०० मिलिलिटरमागे ई. कोलाय जिवाणूंची संख्या २०० च्या वर गेली की काठावर सूचनाफलक लागतो. तो वाचल्याशिवाय उतरू नका. हे जिवाणू बरेचदा येतात ते ओल्या वाळूत साठलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेतून. वाऱ्यानं पाणी चढलं की ती वाळू धुऊन निघते आणि सगळं पाण्यात उतरतं. म्हणून जोराच्या वाऱ्यानंतर डुबक्या नकोत, पाणी तोंडात जाऊ देणं नको. आणि सीगल पक्ष्यांना पोळीचे तुकडे टाकणं तर अजिबात नको. मुलांना गंमत वाटते हे मला माहीत आहे, पण त्या तुकड्यांसाठी जमलेले पक्षी मागे काय टाकून जातात, ते आता तुम्हालाही माहीत आहे.

उन्हाळा सरत आला की कधीकधी पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर येतो. हे निळं-हिरवं शेवाळ. चार कॅनेडियन प्रांत आणि चार अमेरिकी राज्यांतलं पाणी या सरोवरात येतं, शेतांतला आणि सांडपाण्यातला फॉस्फरस घेऊन. त्याच्यावर हे शेवाळ पोसतं. त्यातल्या काही जाती विषारी असतात आणि ते विष पाणी उकळून जात नाही. असा थर दिसला तर मुलं आणि कुत्री दोघांनाही लांब ठेवा.

२०१३ मध्ये या सरोवरात झेब्रा मसल नावाचे परके शिंपले सापडले आणि ते झपाट्यानं पसरले. त्यांच्या कडा धारदार असतात, तेव्हा पायांत पाण्यातले बूट हवेत. कयाक किंवा पॅडलबोर्ड नेलात तर परत निघण्याआधी स्वच्छ धुवा, पाणी पूर्ण काढा, वाळवा. नाहीतर हेच शिंपले तुमच्या हातून दुसऱ्या तळ्यात पोहोचतील. बाहेर आल्यावर टॉवेलनं लगेच अंग खसखसून पुसा. अंगावर पाणी तसंच वाळू दिलं तर काही वेळा बारीक परजीवींमुळे खाजरे फोड येतात.

गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर या आणि सरळ गाडीत बसा, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत परत उतरायचं नाही. प्रेअरीवरची वादळं फार लवकर डोक्यावर येतात.

बाकी थोडक्यात: सुट्टीच्या दिवशी सकाळीच पोहोचा, गवतातून आल्यावर मुलांच्या अंगावर गोचीड नाही ना ते बघा. टेकड्यांवरचं गवत तुडवू नका, वाळू त्याच्यामुळेच जागेवर राहते.

आणि पोहायला शिका. कॅनडातल्या लाईफसेव्हिंग सोसायटीनं जीव वाचवण्यापुरती किमान कसोटी ठरवली आहे: खोल पाण्यात पडल्यावर वर येणं, मिनिटभर तरंगत राहणं आणि ५० मीटर पोहणं. एवढं कुणालाही, पन्नाशीतही जमतं. शहरातल्या तरणतलावांवर मोठ्यांसाठीही वर्ग असतात आणि ते हिवाळ्यातही चालतात. या वर्षी मुलांचं नाव घालताना त्याच अर्जासोबत स्वतःचंही घाला.