फुकट, चोरीचे आणि मुक्त

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या संगणकप्रणालीचे नियमित संरक्षण थांबविले. प्रणालीत आढळणाऱ्या उणिवांची डागडुजी त्या दिवसापासून सर्वसाधारण ग्राहकाला आपोआप मिळेनाशी झाली. काही अटींवर वा पैसे भरून ती आणखी काही काळ मिळू शकते. पण मुदतवाढ ती मुदतवाढच. नव्या 'विंडोज ११'साठी संगणकात विशिष्ट सुरक्षा-चिप आणि साधारणपणे २०१७ नंतरचा प्रोसेसर असावा लागतो. परिणामी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून, पतपेढ्यांतून, करसल्लागारांच्या कचेऱ्यांतून आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून आठ-दहा वर्षे इमानेइतबारे चालत आलेली, आजही पत्र टंकलिखित करण्यास व हिशेब मांडण्यास पूर्ण समर्थ असलेली यंत्रे एका तारखेने निकालात निघाली आहेत. यंत्र झिजले म्हणून टाकावे लागणे वेगळे आणि यंत्राच्या मालकाला न विचारता अन्य कोणी त्याचे आयुष्य संपल्याचे जाहीर करणे वेगळे. घसाऱ्याच्या कोणत्याही कोष्टकात या दुसऱ्या प्रकारासाठी रकाना नाही.

अशा वेळी मालकापुढे तीन मार्ग उरतात. नवे यंत्र घ्यावे, धोका पत्करून जुन्यावरच रेटावे, किंवा त्याच यंत्रावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवावी. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आहे आणि नेमका तोच बहुतेकांना सुचत नाही. ज्या देशात वर्तमानपत्राची रद्दीसुद्धा तराजूकडे डोळा ठेवून विकली जाते, त्या देशातील ग्राहक विनामूल्य वस्तूकडे पाठ का फिरवितो, हे कोडे अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने सोडविण्याजोगे आहे.

सवय आणि अवघडपणा ही दोन उत्तरे सहसा दिली जातात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा तालुक्याच्या गावी जुळवून घेतलेल्या संगणकाचे हिशेबपत्रक आठवावे. पडदा, कळफलक, तबकडी यांच्या किमती त्यात ओळीने लिहिलेल्या असत. मात्र प्रणाली आणि लेखन-हिशेबाची सॉफ्टवेअरे यांच्यापुढे आकडा नसे. ती विक्रेता 'टाकून देत' असे. अशा रीतीने हजारो रुपयांची परवानाधारक वस्तू आणि मुक्त वस्तू या दोहोंची किंमत ग्राहकाच्या लेखी शून्यच झाली. दोन्ही वस्तू शून्यालाच मिळत असतील तर जी सर्वांच्या परिचयाची आहे तीच उचलली जाणार, हे सांगण्यास कोणा पंडिताची गरज नाही. भारतात मुक्त सॉफ्टवेअरची खरी स्पर्धा महागड्या परवान्याशी कधी झालीच नाही. ती झाली चोरीच्या प्रतीशी, आणि त्या स्पर्धेत त्याचा एकमेव ठळक फायदा आधीच हिरावून घेतला गेला होता.

ही चोरी मालकाला नेहमीच तोट्याची होती असेही नाही. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी १९७६ साली हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले होते आणि त्यांच्यापैकी बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरून वापरतात अशी तक्रार त्यात केली होती. तेच गेट्स १९९८ साली चीनमधील चोरीविषयी बोलताना, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, त्यांना चटक लागेल आणि वसुलीचा मार्ग पुढे काढता येईल, अशा आशयाचे बोलून गेले. बावीस वर्षांत तक्रारीची जागा हिशेबाने घेतली होती. ज्या वस्तूची उपयुक्तता वापरणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढत जाते, त्या वस्तूचा चोर हा मालकाचा बिनपगारी विक्रेताच असतो. शेजाऱ्याने पाठविलेली फाइल उघडण्यासाठी शेजाऱ्याकडे आहे तेच सॉफ्टवेअर आपल्याकडे हवे, आणि मग कचेरीला, शाळेला, बँकेला ते रीतसर विकत घ्यावे लागते.

दोन शब्द, एक गोंधळ

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात विनामूल्य आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ सामावलेले असल्यामुळे या चळवळीच्या प्रवर्तकांना खुलासे करता करता आयुष्य वेचावे लागले. मराठीत त्यासाठी 'फुकट' आणि 'मुक्त' असे दोन स्वच्छ शब्द आहेत. असे असूनही 'फुकट ते पौष्टिक' या न्यायाने आपणही दोहोंची गल्लत केलीच. अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागे पैशाची बचत हा हेतू नव्हता. प्रयोगशाळेला मिळालेल्या मुद्रणयंत्रात दोष होता आणि त्याच्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली देण्यास नकार मिळाल्याने तो दुरुस्त करता येत नव्हता, या अनुभवाचा त्यांच्या विचारांवर मोठा परिणाम झाला. घेतलेली वस्तू हवी तशी वापरावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी आणि दुसऱ्याला द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने लिहावयास घेतलेला लिनक्सचा गाभा या प्रयत्नांना येऊन मिळाला आणि संपूर्ण मुक्त प्रणाली प्रत्यक्षात आली. अँड्रॉइडवर चालणारा प्रत्येक फोन आज त्याच गाभ्यावर उभा आहे. लिनक्स आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे सांगणारा गृहस्थ बहुधा ते खिशात घेऊनच फिरत असतो.

हे स्वातंत्र्य व्यवहारात कसे उपयोगी पडते, हे पाहण्यासाठी 'लिबरऑफिस'चा इतिहास पुरेसा आहे. पत्रलेखन, हिशेबाची कोष्टके आणि सादरीकरणे करणारा हा संच मुळात 'स्टारऑफिस' या नावाने एका जर्मन कंपनीने तयार केला. १९९९ साली अमेरिकेच्या सन कंपनीने तो विकत घेतला आणि २००० साली मूळ आज्ञावली खुली करून 'ओपनऑफिस' या नावाने त्याला वाट मोकळी करून दिली. पुढे २०१० साली ओरॅकलने सन कंपनीच ताब्यात घेतली. नवा धनी या कामाचे काय करणार, अशी शंका त्यावर राबणाऱ्या मंडळींना आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती बाहेर पडली. आज्ञावली मुक्त असल्यामुळे ती बरोबर नेण्यास कोणाची परवानगी लागली नाही. नाव तेवढे मागे ठेवावे लागले. 'लिबरऑफिस' या नव्या नावाने ते काम आज चालू आहे आणि जर्मनीतील एक प्रतिष्ठान त्याची व्यवस्था पाहते. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत असेच धनीपालट झाले असते तर ग्राहकाच्या हाती निवेदन वाचण्यापलीकडे काही राहिले नसते.

नित्याच्या वापरातील इतर साधनांची कुळकथाही थोड्याफार फरकाने अशीच आहे. नेटस्केप कंपनीने १९९८ साली खुल्या केलेल्या आज्ञावलीतून 'फायरफॉक्स' हा ब्राउझर उभा राहिला. लग्नाच्या चित्रफितीपासून जुन्या चित्रपटापर्यंत हाती येईल ते दाखविणारे, केशरी शंकूच्या खुणेचे 'व्हीएलसी' पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या उपक्रमातून निघाले आणि २००१ साली मुक्त झाले. ते घरोघरी आहे. पण ते मुक्त आहे म्हणजे काय, याची वास्तपुस्त करणारा विरळा.

मराठी लिहिणाऱ्यांना तर या प्रश्नाची झळ प्रत्यक्ष लागलेली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक टंकनिर्मात्याची अक्षरसंकेतांची रचना वेगळी असे. एका कचेरीत टंकलेला मजकूर दुसऱ्या कचेरीत अगम्य चिन्हांची रांगोळी होऊन उमटे. तो टंक ज्या यंत्रावर होता ते यंत्र गेले की मजकूरही गेल्यात जमा. कित्येक संस्थांची इतिवृत्ते, स्मरणिका आणि प्रबंध अशा बंदिस्त अक्षरांत अडकून पडले आहेत. आता लोहितपासून मुंबईच्या एक टाइप संस्थेच्या मुक्ता टंकापर्यंत अनेक चांगले देवनागरी टंक मुक्त परवान्यावर मिळतात. लिबरऑफिस ज्या ओडीएफ स्वरूपात मजकूर साठविते, त्याला २००६ सालीच आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळालेला आहे. वीस वर्षांनी तो मजकूर कोणी उघडू पाहील, तेव्हा त्याला एखादी कंपनी हयात आहे की नाही याची चौकशी करावी लागणार नाही.

तथापि या बाजूच्या उणिवा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एक्सेलमध्ये वर्षानुवर्षे रचलेली गुंतागुंतीची कोष्टके लिबरऑफिसमध्ये नेताना विस्कटतात. लहान व्यापाऱ्याचा सारा जमाखर्च ज्या टॅलीत असतो, ते विंडोजसाठी बनलेले आहे. जर्मनीतील म्युनिक शहराच्या प्रशासनाने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे १५,००० यंत्रे बदलली आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचे ठरविले. त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ साली ३०,००० यंत्रांवर लिबरऑफिस आणण्याचे जाहीर केले, हेही खरे. या दोन उदाहरणांवरून निर्णय देणे घाईचे होईल. राजकीय इच्छा आणि कर्मचाऱ्यांचे शिक्षण यांविना केवळ परवान्याचा खर्च वाचविण्यासाठी केलेला बदल टिकत नाही, एवढे म्हणता येते.

भारत सरकारने २०१५ साली मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. सरकारी कामासाठी निविदा भरणाऱ्याने मुक्त पर्याय वगळला तर त्याचे समर्थन दिले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. कागदावर याहून अधिक काय हवे? पण त्याच सरकारच्या प्राप्तिकर खात्याने विवरणपत्रे भरण्यासाठी वर्षानुवर्षे एक्सेलवर बेतलेली साधने पुरविली. करदात्याने कोणते सॉफ्टवेअर घ्यावे याचा निर्णय अशा वेळी धोरणकर्त्यांनी न घेता साधन तयार करणाऱ्या कंत्राटदाराने घेतलेला असतो. केरळने मात्र शब्द आणि कृती यांत अंतर राहू दिले नाही. तेथील सरकारी शाळांतून गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच संगणक शिकविला जातो, कारण शिक्षकांना आधी तयार करण्यात आले आणि पाठ्यपुस्तक व परीक्षा दोन्ही त्याच प्रणालीवर बेतण्यात आली. साधनांची वाण महाराष्ट्रातही नाही. मुंबईच्या आयआयटीने लिबरऑफिसचे धडे मराठी निवेदनासह केव्हाच उपलब्ध करून दिले आहेत.

गुराखी कोण?

फुकट मिळाल्याचा आनंद ओसरल्यावर एक प्रश्न उरतो, आणि मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्तेही त्याला बगल देताना दिसतात. हे सारे करणाऱ्याच्या पोटापाण्याचे काय? गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक कुरणाची शोकांतिका मांडली : प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवितो आणि गायरान उजाड होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे दाखवून दिले की लोक नियम करून गायराने राखतातही. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सॉफ्टवेअरच्या गायरानात मात्र गवत संपतच नाही. एकाने प्रत घेतल्याने दुसऱ्याची कमी होत नाही. तेथे दमतो तो राखण करणारा. २०१४ साली 'हार्टब्लीड' हा दोष उघडकीस आला तेव्हा जगातील असंख्य संकेतस्थळांचे गुप्त व्यवहार ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होते, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी अवघ्या दोन हजार डॉलरच्या आसपास देणग्या मिळत असल्याचे जगाला कळले. २०२४ च्या मार्चमध्ये 'एक्सझेड' नावाच्या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात चोरवाट आढळली. फावल्या वेळात ते सांभाळणाऱ्या थकलेल्या एकांड्या माणसाचा विश्वास एका अनोळखी मदतनिसाने सुमारे दोन वर्षे खपून संपादन केला होता. अनर्थ टळला तो अर्ध्या सेकंदाच्या विलंबाने अस्वस्थ झालेल्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या चिकाटीमुळे. मूळ आज्ञावली खुली होती म्हणून त्याला मागोवा घेता आला, हे खरे. पण दर वेळी असा चौकस माणूस वेळेवर भेटेलच याची हमी कोणी द्यावी?

चोरीच्या प्रतीची सवय येथेही आड येते. ज्या वस्तूचे मोल कधी मोजलेच नाही, तिच्यासाठी दहा रुपये वर्गणी द्यावी हे सुचणेही कठीण. महाविद्यालये नव्या संगणकांच्या खरेदीवर लाखो रुपये मंजूर करतात. त्यातील एक छोटा हिस्सा देणगी म्हणून एखाद्या मुक्त प्रकल्पाकडे वळविण्यासाठी अंदाजपत्रकात लेखाशीर्ष सापडत नाही. पैसा शक्य नसेल तेथे श्रम देता येतात. मराठी शुद्धलेखन-तपासणीसाठी शब्दसंग्रह वाढविणे, सूचनांचे मराठी भाषांतर सुधारणे, सापडलेला दोष नीट लिहून कळविणे ही कामे पदवीच्या विद्यार्थ्याला झेपण्याजोगी आहेत. त्यांना प्रकल्पाचे गुण देण्यास विद्यापीठाची हरकत असण्याचे कारण नाही.

जुनी यंत्रे निर्लेखित करण्याचे प्रस्ताव या वर्षी अनेक संस्थांपुढे येतील. प्रस्तावावर सही होण्यापूर्वी एक प्रयोग करता येईल. लिनक्स पेनड्राइव्हवरूनही चालते. यंत्रातील मजकुराला धक्का लावावा लागत नाही आणि प्रयोगाला एका तासिकेहून फारसा अधिक वेळ लागू नये. मुद्रणयंत्र चालते का, मराठी टंकता येते का, जुनी कोष्टके कितपत शाबूत उघडतात, हे कार्यालयातील लिपिकाने स्वतः बसून पाहावे आणि जे चालले नाही त्याची यादी करावी. ती यादी निर्लेखन समितीच्या इतिवृत्ताला जोडावी, आणि जे चालले त्याचीही.