मालिका सोडणारे आणि सोडू न शकणारे

दूरचित्रवाणीवरील एखाद्या लोकप्रिय मालिकेतील नायक वा नायिका अचानक बदलली, की दोन दिवस वृत्तपत्रांचे रकाने त्या बातमीने भरतात. पैशाचा लोभ, डोक्यात गेलेली प्रसिद्धी, सहकलावंतांशी बेबनाव अशी कारणे चघळली जातात. निर्माता ‘वैयक्तिक कारण’ असे सांगतो, कलावंत ‘काही नवे करायचे आहे’ असे सांगतो, पडद्यावर नवा चेहरा येतो आणि विषय संपतो. वस्तुतः हा विषय व्यक्तींच्या लहरीचा नाही. तो कामाच्या पद्धतीचा आणि काम करणाऱ्यांच्या हक्कांचा आहे. म्हणूनच करमणुकीची बातमी समजून कार्यकर्त्यांनी तो सोडून देणे योग्य नव्हे.

प्रारंभी अशी स्थिती नव्हती. १९८४ साली दूरदर्शनवर सुरू झालेली ‘हम लोग’ १५६ भागांत संपली. त्या काळी मालिकांना १३, २६ किंवा ५२ भागांची मंजुरी मिळत असे आणि बहुतेक मालिका आठवड्यातून एकदाच दिसत. आपली भूमिका कोठे सुरू होते व कोठे संपते, हे नटाला ठाऊक असे. १९९० नंतर आलेल्या खासगी वाहिन्यांनी हे गणित बदलले. जाहिरातीचे उत्पन्न रोज हवे, म्हणून मालिका रोज हवी. बांधला गेलेला प्रेक्षक सुटता कामा नये, म्हणून मालिकेला शेवट नको. २००० साली सुरू झालेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००८ पर्यंत चालली आणि तिचे १,८०० हून अधिक भाग झाले. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली. कथेची गरज म्हणून कोणतीही गोष्ट बारा वर्षे चालत नाही. ती बाजाराची गरज म्हणून चालते.

या गरजेची किंमत कोण मोजतो? अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा केल्या, तर सुमारे २२ मिनिटांचा मजकूर उरतो. असे भाग आठवड्याला सहा, कधी सातही लागतात. चित्रित भागांची ‘बँक’ पुष्कळदा दोन-चार दिवसांपुरतीच असते. त्यामुळे सकाळी सेटवर पोहोचल्यावर त्या दिवसाची दृश्ये हाती पडतात. शिफ्ट कागदावर बारा तासांची असते. पण गोरेगाव, मढ, नायगाव किंवा घोडबंदर रस्त्यापर्यंतचा प्रवास त्यात कोणी धरत नाही. प्रमुख भूमिका करणाऱ्याला तर जवळजवळ प्रत्येक दृश्यात उभे राहावे लागते. नाटकाचा प्रयोग, चित्रपटाचे काम, घरचे आजारपण, साऱ्यांचे भवितव्य ‘तारखां’वर अवलंबून असते आणि तारखा दुसऱ्याच्या हाती असतात. मानधन दिवसावर ठरते आणि ते सुमारे ९० दिवसांनी देण्याचा प्रघात आहे. म्हणजे तीन महिन्यांचे श्रम कलावंताने निर्मात्याला बिनव्याजी उसने द्यायचे!

कलेच्या दृष्टीनेही स्थिती वेगळी नाही. दर गुरुवारी टीआरपीचा आकडा येतो आणि पात्राचा स्वभाव त्या आकड्यामागे वळतो. ‘क्योंकि’मधील मिहीर हे पात्र २००१ साली मारण्यात आले आणि प्रेक्षकांनी आक्रोश करताच पुन्हा जिवंत करण्यात आले. पुढे अमर उपाध्याय मालिकेतून गेले आणि कालांतराने रोनित रॉय मिहीर झाले. पात्र वाहिनीच्या मालकीचे असते. नटाचा चेहरा त्याला तात्पुरता भाड्याने दिलेला असतो. वर्षानुवर्षे तेच अश्रू व तोच संताप गाळून देणाऱ्या नटाला आपले साधन बोथट होत असल्याचे भय वाटले, तर ते अहंकाराचे लक्षण मानता येत नाही.

सोडून जाण्याची जी कारणे उजेडात आली, ती पाहावीत. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील शनाया साकारणाऱ्या रसिका सुनील २०१८ साली चित्रपटकलेच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मधील दयाबेन साकारणाऱ्या दिशा वकानी २०१७ साली प्रसूतीच्या रजेवर गेल्या आणि नंतरची अनेक वर्षे परतल्या नाहीत. त्याच २०१७ मध्ये कायद्याने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची केली, हे येथे लक्षात घ्यावे. दिवसाच्या मानधनावर बोलावल्या जाणाऱ्या अभिनेत्रीला असल्या कायद्याचा आधार सहसा मिळत नाही. याच मालिकेतील शैलेश लोढा २०२२ साली बाहेर पडले. त्यांच्या थकीत मानधनाचा वाद राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापर्यंत गेला व २०२३ साली तडजोडीने मिटला. शिक्षण, मातृत्व आणि केलेल्या कामाचे पैसे: गिरणीकामगाराच्या मागण्यांत आणि या कारणांत तत्त्वतः काय फरक आहे?

निर्मात्यांची बाजूही ऐकली पाहिजे. प्रमुख नट मध्येच गेला, तर मालिका कोसळते आणि तिच्यावर पोट असलेल्या शंभरएक कुटुंबांचे नुकसान होते, असे ते म्हणतात. हे खोटे नाही. मात्र ज्यांना या कुटुंबांची इतकी चिंता आहे, त्यांनी टीआरपी घसरताच तीच मालिका दोन आठवड्यांच्या सूचनेवर गुंडाळताना ती चिंता कोठे ठेवलेली असते, याचेही उत्तर द्यावे. करार एकाच बाजूला बांधून ठेवत असेल, तर त्याला करार का म्हणावे?

तरीही सर्वांत महत्त्वाचा मुद्दा याहून पुढचा आहे. नायिका निघून जाऊ शकते, कारण तिला नाव आहे. सेटवरचा स्पॉटदादा, लाइटदादा, रंगभूषाकार, दिग्दर्शकाचा तिसरा साहाय्यक हे तेच तास, तीच थकबाकी, तीच अनिश्चितता सोसतात. पण त्यांना निघून जाणे परवडत नाही आणि ते गेले तरी बातमी होत नाही. एकट्याने निघून जाणे हा एका माणसाचा संप आहे. त्याने एक माणूस सुटतो, पद्धत सुटत नाही. दुसऱ्या सोमवारी त्याच पोशाखात दुसरा चेहरा उभा राहतो.

१९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. ते तिघे एकत्र निघाले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. अमेरिकेतील ‘फ्रेंड्स’ या मालिकेतील सहा प्रमुख नटांनी १९९६ साली ठरवले, की मानधनाची बोलणी सहाही जणांनी मिळून करायची आणि सर्वांनी समान मानधन घ्यायचे. ज्यांना अधिक मिळू शकले असते, त्यांनीही ही अट मान्य केली. २००४ साली मालिका संपेपर्यंत त्यांच्यापैकी एकालाही सोडून जावे लागले नाही. ते धनाढ्य नट होते आणि त्यांची एकजूट सहाजणांपुरतीच राहिली, हे खरे. पण एकजुटीचा नियम धनाढ्यांनाही लागू पडतो, हेही तितकेच खरे. मुंबईत २००८ च्या नोव्हेंबरात चित्रपट-दूरचित्रवाणी कर्मचाऱ्यांच्या महासंघाने काम थांबवले, तेव्हा बलाढ्य वाहिन्यांना जुनेच भाग पुन्हा दाखवावे लागले. एका नायिकेच्या जाण्याने जे कधी घडले नाही, ते दिवे लावणाऱ्यांच्या एकजुटीने घडले.

कायदाही आता पूर्वीइतका मुका राहिलेला नाही. १९८१ चा सिने-कामगार कायदा चित्रपटांपुरता होता. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तीत दृक्‌श्राव्य कामगारांत मालिकांतील कामगारही आले असून लेखी कराराची अट आहे. मात्र तिलाही मानधनाची कमाल मर्यादा आहे. शिवाय अन्य बाबतींत याच श्रमसंहितांनी कामगारांचे काय हिरावून घेतले, हे निराळे सांगण्याची गरज नाही. कागदावरची अट सेटवर आणायची तर संघटना हवी.

तिच्या मागण्या साध्या असाव्यात: मुदतीचा व दोन्ही बाजूंना बांधणारा करार, आठवड्याची हक्काची सुट्टी, ३० दिवसांत मोबदला, आजारपणाची व प्रसूतीची रजा. आणि त्या नायकापासून स्पॉटदादापर्यंत सर्वांसाठी एकत्र मांडल्या जाव्यात. ज्याच्या नसण्याने मालिका थांबू शकते, अशा नटाने मालिका सोडण्याआधी एकदा आपल्या लाइटदादाच्या थकबाकीसाठी काम थांबवून पाहावे. कदाचित सोडून जाण्याची वेळच त्याच्यावर येणार नाही.