निरीक्षकांच्या नजरेतून सुटलेला मतदार

मतदान केंद्राच्या दाराशी रॅम्प आहे, भिंतीशी एक व्हीलचेअर उभी आहे, यंत्रावर ब्रेल अंक आहेत. निरीक्षक येतात, पाहतात, 'सुविधा उपलब्ध' अशी नोंद करतात आणि पुढच्या केंद्राकडे निघतात. ही नोंद खोटी नसते. मात्र रॅम्प इतका उभा आहे की खुर्ची वर न्यायला दोन माणसे लागतात, हे तीत येत नाही. कारण त्या खुर्चीत निरीक्षक कधी बसलेले नसतात.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मतदान केंद्रांवर रॅम्प उभारण्याचे निर्देश दिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ११ ने सर्व केंद्रे आणि निवडणुकीचे सर्व साहित्य दिव्यांगांना सुगम असावे, अशी जबाबदारी केंद्रीय व राज्य निवडणूक आयोगांवर टाकली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८८ लाखांहून अधिक दिव्यांग मतदारांची नोंद होती आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदानाची मुभा प्रथमच देशभर मिळाली. आयोगाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रश्न आहे तो केलेल्या कामाची तपासणी कोण आणि कशी करतो, याचा.

यंत्रावर ब्रेलमध्ये असतात ते केवळ अनुक्रमांक. कोणत्या क्रमांकावर कोणता उमेदवार, हे कळण्यासाठी ब्रेलमधील नमुना मतपत्रिका हातात पडावी लागते. ती केंद्रावर पोहोचली का, वाचता येण्याजोगी आहे का, हे डोळस निरीक्षकाला कसे कळणार? पुढची अडचण व्हीव्हीपॅटची. बटण दाबल्यावर चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. ज्या पडताळणीचा इतका गाजावाजा झाला, ती अंध मतदाराला स्वतः करताच येत नाही.

मग सोबती येतो. निवडणूक नियमांतील ४९-न नुसार अंध वा अशक्त मतदाराला अठरा वर्षांवरील सोबती नेता येतो. एका सोबत्याला त्या दिवशी एकाच मतदाराला साहाय्य करता येते आणि प्रत्येक प्रसंगाची नोंद नमुना १४-अ मध्ये होते. सोबती मतदाराने मागितला होता की अधिकाऱ्यांनी वेळ वाचविण्यासाठी सुचविला, हा खरा कळीचा मुद्दा. निरीक्षकांनी हे नमुने तपासून काही मतदारांशी बोलले, तरी गुप्त मतदान कितपत गुप्त राहिले याचा अंदाज येईल. (घरच्या मतदानात तर कर्मचारी, चित्रीकरण करणारा आणि घरातली मंडळी, सारेच खोलीत!)

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २०-ब नुसार निरीक्षक हा सरकारी अधिकारीच असावा लागतो. इंडोनेशियात २०१४ च्या निवडणुकांत दिव्यांगांच्या संघटनांनी स्वतः निरीक्षण केले. तसे येथे करायचे तर कायद्याचा प्रश्न येईल. परंतु कायद्याला हात न लावताही बरेच साधण्यासारखे आहे. शासकीय सेवेत दिव्यांगांना आरक्षण आहे, म्हणजे अधिकारी आहेत. निवडणुकीच्या कामातून त्यांना सहसा सूट दिली जाते. हेतू दयेचा, परिणाम वगळण्याचा. वास्तविक २०२४ मध्ये काही केंद्रे दिव्यांग कर्मचाऱ्यांनीच चालविली. इच्छुकांना सूक्ष्म निरीक्षक म्हणून नेमण्यास कोणती आडकाठी आहे?

स्थानिक निवडणुकांत तर ही निकड अधिक. मुंबई वगळता राज्यातील महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग असल्याने एकाच मतदाराला अनेक जागांसाठी मते द्यावी लागतात. प्रत्येक जागेची उमेदवार यादी निराळी, बटणे निराळी. डोळस मतदारही तेथे गोंधळतो. राज्य निवडणूक आयोग आपले निरीक्षक स्वतः नेमतो आणि कलम ११ त्यालाही बंधनकारक आहे. अंध अधिकाऱ्याला त्या यंत्रांसमोर मतदानापूर्वी एकदा उभे करून पाहण्यास फार खर्च येणार नाही.