पक्षी पुरण्याआधी कारण शोधा

काशीगाव, मीरागाव, पेणकरपाडा, माशाचा पाडा, चेणे, वर्सावे आणि घोडबंदरच्या सर्व रहिवाशांना जाहीर आवाहन



विजेच्या तारेखाली पक्षी मरून पडलेला दिसला की पुढे काय होते, हे आपण सगळेच पाहत आलो आहोत. कोणी म्हणतो उन्हाने गेला, कोणी म्हणतो मांजा लागला असेल, कोणी विषारी काही खाल्ल्याचा तर्क करतो. मग पक्षी कचऱ्याच्या गाडीत जातो किंवा कडेला पुरला जातो. संध्याकाळपर्यंत पडून राहिलाच तर रात्री कुत्री त्याला संपवतात. सकाळी जागा मोकळी असते आणि ‘मृत्यूचे कारण कळले नाही’ एवढेच हातात उरते.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हे कारण कळण्यासारखे आहे. ते शोधण्याची साधने आहेत, कायदा आहे, तज्ज्ञ आहेत. शोध घेतला जात नाही म्हणून ते कळत नाही, आणि कळत नाही म्हणून त्याच खांबावर पुढचा पक्षी मरतो.

लांबचे उदाहरण नको. जानेवारी 2021 मध्ये आपल्याच घोडबंदर रस्त्यावर, ठाण्याच्या विजय गार्डन भागात बगळे मेलेले सापडले. त्यांचे नमुने भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि काही दिवसांत बर्ड फ्लूचे निदान हाती आले. त्याच सुमारास परभणीच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या होत्या आणि राज्यभर धास्ती होती. कोंबडी आणि अंडी यांच्या धंद्यावर गदा येणार म्हटल्यावर यंत्रणा धावली, आणि धावली ते योग्यच झाले. मग हीच तत्परता तारेखाली पडलेल्या घारीसाठी, घुबडासाठी, मोरासाठी का नको?

20 मे 2024 ची घाटकोपरची घटना आठवा. रात्री पंतनगर परिसरात रोहित पक्ष्यांचे तुकडे पडले, 39 पक्षी गेले. तेव्हा खाडीवरून जाणाऱ्या विजेच्या तारांकडेही बोट दाखवले गेले. दुबईहून येणाऱ्या विमानाची धडक हे खरे कारण तपासातून पुढे आले. म्हणून आम्ही प्रत्येक मृत पक्ष्याचा दोष डोळे झाकून तारांवर टाकत नाही. तपासणीत मांजा निघाला तर मांजा म्हणा, रोग निघाला तर रोग म्हणा. पण तपासणी करा.

तारेने मेलेला पक्षी आपल्या अंगावर खुणा ठेवून जातो. शॉक बसलेल्या पक्ष्याची पिसे जळून आखडलेली असतात आणि पायावर किंवा पंखाच्या टोकाला भाजल्याचा डाग असतो. काही वेळा तो पिसांखाली दडतो, म्हणून शवविच्छेदन लागते. तारेला आपटलेल्या पक्ष्याचा पंख, मान किंवा छातीचे हाड मोडलेले असते. हे ओळखणे पशुवैद्यकाला अवघड नाही, आणि परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहे.

शॉक बसतो कसा, हेही समजून घ्या, कारण उपाय तिथेच आहे. एकाच तारेवर दोन्ही पाय ठेवून बसलेल्या पाखराला काही होत नाही. दोन तारांना, किंवा एक तार आणि खांबाचे लोखंड यांना त्याचा एकाच वेळी स्पर्श झाला की वीज त्याच्या अंगातून जाते. घारीचे पसरलेले पंख जवळजवळ दीड मीटर भरतात. 11 केव्हीच्या खांबावर लोखंडी क्रॉसआर्म, त्यावर चिनीमातीचे आखूड इन्सुलेटर, आणि डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबांवर, तर उघडे जंपर (जोडतारा) एकमेकांशेजारी वाकवलेले. लांब पंखांच्या पक्ष्याने तिथे बसावे तरी कसे? पावसाळ्यात भिजलेली पिसे वीज आणखी सहज वाहून नेतात. वटवाघळांचेही असेच होते. एक तार पकडून लोंबकळताना पंख दुसऱ्या तारेला लागतो.

मनोऱ्यांवरच्या उच्चदाब वाहिन्यांचा धोका वेगळा आहे. तिथे तारांमधले अंतर मोठे असते, त्यामुळे शॉकपेक्षा धडक जास्त. सगळ्यात वर एक बारीक भूतार (अर्थ वायर) असते. जाड तारा दिसल्या की पक्षी वर उठतो आणि नेमका त्या न दिसणाऱ्या बारीक तारेवर आपटतो. बऱ्याच पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात. उडताना त्यांची नजर खाली आणि कडेला असते, समोरचे त्यांना अरुंद पट्टीतच दिसते. रोहित तर रात्रीही उडतात.

आता आपला नकाशा पाहा. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे 100 चौरस किलोमीटरहून मोठे जंगल आणि घोडबंदर रस्त्याने त्यापासून तोडलेला नागला भाग. दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, भाईंदरची मिठागरे, तिवरे. जंगलातून खाडीकडे आणि खाडीतून जंगलाकडे पक्ष्यांची रोजची ये-जा आहे, आणि तिच्या आड आपली वस्ती, महामार्ग आणि तारा आहेत. डहाणूच्या औष्णिक केंद्राची वीज 220 केव्हीच्या मनोऱ्यांवरून याच घोडबंदरकडे येते. पक्ष्यांच्या वाटेत तारा ओढणाऱ्या यंत्रणेने त्या तारांखाली काय पडते हे पाहिलेच पाहिजे.

तारांनी पक्षी मरतात हे आता वादाचे राहिलेले नाही. राजस्थानच्या थर वाळवंटात 4,200 चौरस किलोमीटरच्या भागात वर्षाला सुमारे 84 हजार पक्षी तारांमुळे मरत असावेत, असा अंदाज भारतीय वन्यजीव संस्थेने मांडला. माळढोक तर दीडशेच्या आसपासच उरल्याचे मानले जाते. 19 एप्रिल 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या अधिवासातल्या तारा शक्य तिथे भूमिगत करण्याचे निर्देश दिले. सौर आणि पवन ऊर्जेच्या अडचणी मांडल्या गेल्यावर मार्च 2024 मध्ये ते आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली गेली. वाद झाला तो किती तारा जमिनीखाली घ्यायच्या यावर, तारांनी पक्षी मरतात की नाही यावर नव्हे. गोंदियाच्या सारसांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून सुनावणीला घेतला. तिथेही विजेच्या तारा हे सारसांच्या मृत्यूचे एक कारण आहे.

कोणी म्हणेल, आधी माणसांच्या विजेचे बघा, पक्ष्यांचे नंतर. पण घार चिकटली की 11 केव्हीचा फीडर ट्रिप होतो आणि अंधार आपल्याच घरात होतो. तो कोणत्या मिनिटाला ट्रिप झाला याची नोंद उपकेंद्रात राहते. ही नोंद आणि वनविभागाकडची मृत पक्ष्यांची नोंद शेजारी ठेवली, तर कोणता खांब घातक आहे हे आठवड्याभरात सांगता येईल. दोन कार्यालयांनी एका टेबलाशी बसायचे, एवढेच हे काम आहे.

म्हणून आमची मागणी आहे की वीज वितरण कंपनी, वनविभाग आणि मिरा-भाईंदर महानगरपालिका यांनी मिळून तारेखाली सापडलेल्या प्रत्येक पक्ष्याची तारीख, जात आणि खांब क्रमांकासह नोंद ठेवावी, शवविच्छेदन करावे आणि ही नोंद लोकांना पाहायला खुली करावी. जंगलाच्या आणि खाडीच्या कडेच्या डीपींवर जंपरला इन्सुलेशनची आवरणे बसवावीत. उघड्या तारा बदलायची वेळ येईल तिथे आवरण असलेली केबल टाकावी. खाडी ओलांडणाऱ्या वाहिन्यांच्या भूतारेवर बर्ड डायव्हर्टर, म्हणजे तार पक्ष्यांना दुरून दिसावी यासाठीच्या खुणा, लावावेत. यातले काहीही नव्याने शोधायचे नाही. सफाई कामगारांना हातमोजे आणि स्पष्ट सूचना द्याव्यात, म्हणजे मेलेला पक्षी कचऱ्यात जाणार नाही.

हा प्रश्न आपल्या आरोग्याचाही आहे. नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात डिसेंबर 2024 मध्ये मेलेल्या तीन वाघांच्या आणि एका बिबट्याच्या नमुन्यांत बर्ड फ्लू आढळला. आपल्या पाड्यांच्या मागे बिबटे फिरतात, दारात कुत्री-मांजरे आहेत. न तपासलेला पक्षी त्यांच्या तोंडी जाऊ देणे बरे नव्हे.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 39 नुसार मृत सापडलेला संरक्षित वन्यप्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता आहे, आणि तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने 48 तासांत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचे असते. तेव्हा पक्षी दिसला तर उघड्या हाताने उचलू नका. तारेला लटकत असेल तर काठीने काढायला जाऊ नका, जीव जाईल. मोबाइलवर फोटो काढा, त्यात खांबावरचा क्रमांक येऊ द्या, वेळ लिहून ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या मदतवाहिनीवर कळवा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. तो मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.

आपले,
काशीमीरा परिसरातील रहिवासी