तक्रार नाही, म्हणजे प्रश्न नाही?

व्यवस्थापनविषयक लेखनात आणि व्याख्यानांत एक मत अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. कामाच्या ठिकाणच्या किरकोळ कुरबुरींकडे प्रमुखाने लक्ष देऊ नये, कारण त्या आपोआप विरतात आणि लक्ष दिले की उलट वाढतात. प्रौढ माणसांनी आपसांतले प्रश्न आपणच सोडवावेत. ज्याला खरोखर अन्याय झाल्यासारखे वाटते त्याच्यासाठी नियम आणि समित्या आहेत. आणि सहसंवेदना, म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याची अडचण त्याच्या बाजूने समजून घेण्याची क्षमता, हे परदेशी पुस्तकांतून आलेले खूळ आहे, असा या मताचा सारांश आहे. ते ऐकायला करारी वाटते आणि वरिष्ठांना सोयीचे असते, म्हणून त्याचा प्रसार झाला आहे. ते खरे आहे म्हणून नव्हे.

यांतील काही मुद्द्यांना दीर्घ उत्तराची गरज नाही. प्रौढ माणसांनी आपसांत मिटवावे हे ठीक, परंतु ओव्हरटाइमचे वाटप किंवा पाळ्यांचा तक्ता ज्यांच्या हाती नाही त्या दोघांनी त्यावरून उद्भवलेला वाद मिटवायचा कसा, हे या मताचे पुरस्कर्ते सांगत नाहीत. समित्यांचे म्हणावे, तर 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीने 20 किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनांत तक्रार निवारण समिती आवश्यक ठरवली आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती कायम ठेवली. पण त्या समितीकडे जायला अर्ज करावा लागतो, तिचे कामकाज संपायला 30 दिवसांची मुदत असते, आणि ज्या गोष्टीसाठी माणूस अर्ज करायला बसतो ती गोष्ट तोवर किरकोळ राहिलेली नसते. परदेशी खुळाविषयी एवढेच म्हणता येईल, की हजेरीचे पंचिंग यंत्र, उत्पादनाची उद्दिष्टे आणि असेंब्ली लाइन याही गोष्टी परदेशातूनच आल्या, आणि त्यांना कोणी खूळ म्हटल्याचे ऐकिवात नाही.

खरा घातक मुद्दा पहिला आहे. लहान तक्रारी आपोआप विरतात, हे कशावरून कळले? त्या पुन्हा कानावर आल्या नाहीत, यावरून. म्हणजे बोलणे थांबले याचा अर्थ दुखणे थांबले असा लावला गेला, आणि सगळी इमारत या एका गैरसमजुतीवर उभी राहिली. प्रत्यक्षात काय घडते, ते कोणत्याही कारखान्यात पाहता येईल. ग्राइंडिंग विभागातला धूळ ओढणारा पंखा घरघर करू लागतो. पहिल्या पाळीतला कामगार पर्यवेक्षकाला तसे सांगतो आणि त्याला ‘बघतो’ असे उत्तर मिळते. आठवड्याने तो पुन्हा सांगतो, तेव्हा ‘तुझंच काय रोज नवीन’ असे ऐकून परततो. तिसऱ्यांदा तो सांगत नाही. तो नाकातोंडाला रुमाल बांधतो, पंखा बंद ठेवतो आणि पाळी संपताच यंत्राभोवतीची धूळ तशीच टाकून कंपनीच्या बसकडे निघतो. दुसऱ्या पाळीवाल्याला ती धूळ झाडावी लागते, म्हणून तोही जाताना बोथट झालेले व्हील ड्रेस न करता सोडून जातो. सकाळी जॉब रिजेक्ट होऊ लागतात, दोघांची जुंपते, प्रकरण हमरीतुमरीवर येते, आणि दप्तरात ‘गैरवर्तन’ अशी नोंद होते. त्या कागदात पंख्याचा उल्लेख कुठेही नसतो. पर्यवेक्षकाच्या लेखी पंख्याची तक्रार केव्हाच विरलेली असते.

हा केवळ तर्क नाही. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक विदुषीने रुग्णालयांतील परिचर्या पथकांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला आणि तो 1996 साली प्रसिद्ध झाला. ज्या पथकांचे नेतृत्व चांगले आणि परस्परसंबंध निकोप, तिथे चुका कमी आढळतील अशी अपेक्षा होती. नोंदी मात्र नेमक्या तिथेच अधिक निघाल्या. उलगडा असा, की त्या पथकांत चूक बोलून दाखवण्याची भीती नव्हती, तर कडक प्रमुखांच्या हाताखाली चुका लपवल्या जात होत्या. पुढे 1999 साली या अवस्थेचे विवेचन त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ या संकल्पनेतून केले. आपण बोललो तर अपमान किंवा शिक्षा होणार नाही, असा पथकातील सर्वांचा सामाईक विश्वास, असा तिचा आशय आहे. तेव्हा ज्या विभागातून एकही तक्रार येत नाही त्याचे कौतुक करणाऱ्या वरिष्ठाने, आपण शांततेचे कौतुक करतो आहोत की धाकाचे, हे आधी तपासले पाहिजे.

याच मताचे पुरस्कर्ते जपानी उत्पादकतेचे गोडवे गाताना थकत नाहीत, ही त्यांची विसंगती तर अक्षम्य आहे. साकिची तोयोदा यांनी 1924 साली पूर्णत्वास नेलेल्या स्वयंचलित मागाची ख्याती, धागा तुटताच तो आपोआप थांबतो, या गुणावर उभी होती. त्याच विचारातून पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यांत कामगाराच्या हाताशी दोरी आली. काही बिघडल्याचा संशय आला तरी त्याने ती ओढायची, गटप्रमुखाने तत्काळ तिथे पोहोचायचे, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तर सगळी लाइन थांबवायची. गटप्रमुख ‘पुन्हा तूच का?’ असे विचारू लागला, तर ती दोरी ओढायला कोणाचा हात उचलेल? कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना 1982 साली बंद पडला, तेव्हा गैरहजेरी आणि साचलेल्या तक्रारी यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. 1984 साली टोयोटाच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामावर घेतलेल्यांत बहुसंख्य जुनेच कामगार होते, तरीही गैरहजेरी झपाट्याने घटली आणि गाड्यांचा दर्जा सुधारला. माणसे तीच होती. त्यांचे म्हणणे कोण, केव्हा आणि कसे ऐकतो, हे बदलले होते.

मुंबईच्या गिरण्यांविषयीचा जुना वादही इथे पुन्हा उकरून काढणे भाग आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला संप बाहेरच्या चिथावणीने झाला, असे म्हणणारे आजही भेटतात. आपल्याला आज काम मिळेल की नाही, हे रोज सकाळी दारात उभे राहिल्यावरच ज्याला कळायचे, त्या बदली कामगाराचे गाऱ्हाणे संपाच्या कितीतरी आधीचे होते. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका क्षेत्रातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मान्य केली होती, त्यामुळे तिच्यावर विश्वास नसलेल्याला बोलायला अधिकृत जागा उरत नसे. कामगार आणि मालक यांच्यातला दुवा तुटल्याचे 1931 सालच्या शाही श्रम आयोगानेही ओळखले होते, आणि जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, सत्तेला आळा घालण्यासाठी स्वतंत्र श्रम अधिकारी नेमण्याची शिफारस केली होती. पन्नास वर्षे आधी दिलेला इशारा ज्यांना चिथावणीच्या सिद्धांतात बसवता येत नाही, ते तो सोयीस्करपणे वगळतात.

आता मंडनाकडे. सहसंवेदनशील नेतृत्व म्हणजे प्रत्येक मागणी मान्य करणे नव्हे, गोड बोलणे तर नव्हेच. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात 1928 पासून 20,000 हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या, आणि मन मोकळे केल्याने काहींना बरे वाटल्याचेही दिसले; परंतु ऐकून घेऊन परिस्थिती तशीच ठेवणे ही माणसाची समजूत काढणे झाले, त्याचा प्रश्न सोडवणे नव्हे. म्हणून तीन गोष्टी आवश्यक ठरतात. पर्यवेक्षकाने अडचण कामाच्या जागी जाऊन, शक्यतो त्याच पाळीत, पाहावी. उत्तर ठरावीक मुदतीत द्यावे, आणि ते नकार असेल तर कारणासह द्यावे, कारण सकारण नकार माणूस पचवतो, दुर्लक्ष पचवत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: पंखा दुरुस्त करून घेण्याएवढा अधिकार आणि तेवढा खर्च पर्यवेक्षकाच्या हाती असावा, कारण ज्याला काहीच करता येत नाही त्याच्याकडून सहसंवेदनेची अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

यासाठी वेळ नाही, असे म्हणणाऱ्यांनी चौकश्या, कारणे दाखवा नोटिसा आणि रिजेक्ट झालेला माल यांवर जाणारा वेळ मोजावा. आणि पर्यवेक्षकाचे वार्षिक मूल्यमापन करताना त्याच्या विभागातून तक्रारी किती कमी आल्या हे विचारणे बंद करून, पहिल्यांदा सांगितलेल्या अडचणीला त्याने किती दिवसांत उत्तर दिले हे विचारावे; हा एक प्रश्न बदलला, तरी पंख्याची तक्रार शिस्तभंगाच्या चौकशीपर्यंत पोहोचण्याचे कारण राहणार नाही.