तुझा क्लब कितवा रे?

सोमवारी सकाळी पहिल्या लेक्चरला कोण आलेलं नाही ते बघा. मग रविवारी रात्री कुठला क्लब हरला ते आठवा. बऱ्याचदा हिशेब जुळतो. सबमिशन, ताप, लोकल लेट ही सगळी कारणं नंतर येतात. खरं कारण एवढंच की कॅन्टीनमध्ये चार जण मोबाइलवर मीम काढून वाट बघत बसलेले असतात, आणि साहेबांना तिथे जायचं नसतं.

फुटबॉलच्या फॅन्समधली ही खेचाखेची तुम्हाला नवीन नाही. तुम्ही युनायटेडवाले असाल तर गेली दोन वर्षं कशी काढलीत ते तुम्हालाच ठाऊक. २०२४-२५ च्या मोसमात मँचेस्टर युनायटेड प्रीमियर लीगमध्ये पंधरावे आले. त्यानंतर ऑगस्टमध्ये चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबी टाउनने त्यांना लीग कपमधून घरी पाठवलं, तेही पेनल्टीवर १२-११ असं. इंग्लंडमधल्या एका युनायटेडवाल्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये शपथ घेतली होती की टीम सलग पाच मॅच जिंकेपर्यंत केस कापणार नाही. त्याच्या डोक्यावर आता झाप झालंय. जगभरातले लोक युनायटेडचा स्कोअर बघायच्या आधी त्याचे केस बघतात.

आर्सेनलवाल्यांची कथा वेगळी. शेवटचं लीग विजेतेपद २००३-०४ चं, आणि त्यानंतर अलीकडे सलग तीन मोसम दुसरा नंबर. यंदा जानेवारीत ते पुन्हा सगळ्यात वर आहेत, म्हणून तुमच्या ग्रुपवरचा आर्सेनलवाला एकदम गप्प झाला असेल. तो नम्र झालेला नाही, त्याला दृष्ट लागायची भीती वाटतेय. लिव्हरपूलवाल्यांनी ‘यंदा आपलंच वर्ष’ हे वाक्य १९९० पासून २०२० पर्यंत तीस वर्षं ऐकून घेतलं आणि गेल्या वर्षी विसावं विजेतेपद घेऊन युनायटेडची बरोबरी केली. तेव्हा त्यांनी सगळं व्याजासकट वसूल केलं, ते बरोबरच होतं.

पण मला सगळ्यात आवडतो तो २१ मे २०२५ चा सामना. युरोपा लीगची फायनल, टॉटनहॅम विरुद्ध युनायटेड. लीगमध्ये टॉटनहॅम सतरावे, म्हणजे रेलिगेशनच्या अगदी काठावर, आणि युनायटेड त्यांच्या एकच पायरी वर. दोघांचाही मोसम पार वाया गेलेला. टॉटनहॅमने १-० असा सामना जिंकला आणि २००८ नंतर पहिली ट्रॉफी उचलली. आता सांगा, खेचायचं कुणी कुणाला? सतराव्या नंबरवाल्याने ट्रॉफी दाखवायची की सोळाव्या-पंधराव्याने टेबल दाखवायचं? हा वाद अजून सुरू आहे आणि तो मिटू नये अशी सगळ्यांचीच इच्छा दिसते.

यातली गोम लक्षात घ्या. दुसऱ्याला चिडवायचा हक्क फुकट मिळत नाही. ज्याने कधीतरी रात्री दीड वाजता हरलेली मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत बघितली आहे, ज्याचं स्वतःचं काहीतरी दुखतं, त्यालाच तो मिळतो. म्हणूनच दरवर्षी जिंकणाऱ्या क्लबची जर्सी बदलून घालणाऱ्याला कट्ट्यावर भाव नसतो. त्याला चिडवताही येत नाही. चिडवणार कशावरून? त्याचं कुठेच काही अडकलेलं नाही.

देशांच्या टीम्सचंही तेच. २०२२ च्या वर्ल्ड कपआधी केरळातल्या पुल्लावूरमध्ये अर्जेंटिनाच्या फॅन्सनी नदीत मेस्सीचा तीस फुटी कटआउट उभा केला. लगेच ब्राझीलवाल्यांनी नेमारचा चाळीस फुटी आणला. मग रोनाल्डोवाले त्याहून उंच घेऊन आले. पुढे काय झालं आठवतंय? ब्राझील क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरलं, दुसऱ्याच दिवशी पोर्तुगाल मोरोक्कोकडून हरलं, आणि कप घेऊन गेला सगळ्यात बुटका कटआउट. खेळाडूही या नादातून सुटत नाहीत. मार्च २०२५ मध्ये अर्जेंटिनाविरुद्धच्या मॅचआधी ब्राझीलचा राफिन्या एका मुलाखतीत बोलून गेला की आम्ही त्यांना मैदानात मारू आणि गरज पडली तर मैदानाबाहेरही. ब्युनोस आयर्समध्ये निकाल लागला ४-१, अर्जेंटिनाच्या बाजूने. २०१४ चे ते ७-१ अजून पुसलं गेलं नव्हतं, त्यात ही भर.

आपल्याकडे कोल्हापूरकरांना हे वेगळं शिकवायला नको. तिथे ब्राझील-अर्जेंटिना आहेच, पण त्याच्याही आधी पेठ आहे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमींच्या नावाने फुटबॉलच्या टीम खेळतात असं शहर दुसरं सापडणं अवघड. शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ तिथे. चिडवणारा आणि चिडणारा एकाच गल्लीच्या दोन टोकांना राहतात, त्यामुळे ब्लॉक करून सुटका नाही. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला.

ही गंमत कुठे संपते, हेही बघायला हवं. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल मॅचमध्ये हाणामारी झाली आणि सोळा प्रेक्षक गेले. मॅच बघायला घरून निघालेले लोक होते ते. २०२१ मध्ये युरो फायनलला पेनल्टी हुकल्यावर रॅशफोर्ड, सांचो आणि साका यांच्या अकाउंटवर जे लिहिलं गेलं, ते खेळाबद्दल नव्हतंच, त्यांच्या कातडीबद्दल होतं. म्युनिकचा विमान अपघात आणि हिल्सबरोची चेंगराचेंगरी यांवरून एकमेकांना टोमणे मारणारी गाणी इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं चालली. याला बँटर म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचाच नाही. माझी कसोटी सोपी आहे: जे बोललो ते त्याच्यासमोर बसून, त्याचा चहा पीत बोलता येईल का? येत असेल तर बिनधास्त बोला.

आणि तेच कोलकाता, चव्वेचाळीस वर्षांनंतर. आरजी कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार आणि खुनानंतर ऑगस्ट २०२४ मधली ड्युरँड कपची डर्बी रद्द झाली. १८ तारखेला दोन्ही क्लबचे फॅन्स तरीही सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले, मोहमेडनचेही आले. एरवी कोळंबी मोठी की हिल्सा यावरून शंभर वर्षं भांडणारे लोक एकत्र घोषणा देत होते, आणि पोलिसांच्या लाठ्याही एकत्र खात होते. इतकी वर्षं चिडवत आल्यामुळे ते एकमेकांना नीट ओळखत होते. अनोळखी गर्दी इतक्या पटकन एक होत नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या ग्रुपवर भारतीय टीमबद्दल शेवटचा मेसेज कधी आला? आणि तो कसा होता?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्ड्यावर सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि २०२७ च्या आशियाई कपचा रस्ता बंद झाला. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने १-० हरवलं. २००३ नंतर ते आपल्याविरुद्ध पहिल्यांदा जिंकले. जुलै २०२३ मध्ये आपण फिफा क्रमवारीत ९९ वे होतो. आता १४० च्याही पलीकडे गेलो. यावर मीम आले, भरपूर आले. पण युनायटेडवरचे मीम आणि हे मीम शेजारी ठेवून बघा. युनायटेडवाल्यावर हसताना समोर कुणीतरी चिडणारा असतो. भारतावर हसताना समोर कोणीच नसतं. सगळेच हसतात आणि पुढच्या रीलवर जातात. ही खेचाखेची नाही, ही शेजाऱ्याच्या पडलेल्या भिंतीबद्दलची गप्पा आहे. मला या हसण्याची जास्त काळजी वाटते.

सुनील छेत्रीला ही गोष्ट आठ वर्षांपूर्वी कळली होती. १ जून २०१८ ला अंधेरीच्या स्टेडियमवर भारताने चायनीज तैपेईला ५-० धुतलं, त्यात छेत्रीची हॅटट्रिक. बघायला लोक किती? २,५६९. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ टाकला. युरोपातल्या क्लबांवर प्रेम करणाऱ्यांना उद्देशून तो म्हणाला की आमची पातळी त्यांच्या जवळपासही नाही, मान्य आहे. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमवर येऊन तोंडावर करा. त्याने टाळ्या मागितल्या नव्हत्या हे लक्षात घ्या. त्याने चिडवणारे मागितले होते. पुढची केनियाविरुद्धची मॅच, त्याची शंभरावी, हाउसफुल्ल झाली. भर पावसात.

मग काय झालं? मॅच संपली, पाऊस थांबला, आपण घरी गेलो. फेडरेशननेही त्या गर्दीचं पुढे काही केलं नाही.

त्याची किंमत आता दिसतेय. इंडियन सुपर लीग चालवण्याचा फेडरेशन आणि एफएसडीएल यांच्यातला करार पंधरा वर्षांचा होता, वर्षाला पन्नास कोटींचा. तो ८ डिसेंबर २०२५ ला संपणार हे सगळ्यांना २०१० पासून माहीत होतं. तरी जुलैमध्ये लीग थांबली, ऑगस्टमध्ये काही क्लबांनी पगार रोखले, नोव्हेंबरमध्ये टेंडरची मुदत संपली तेव्हा बोली लावणारा एकही नव्हता. एकही नाही. डिसेंबरअखेर सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला, दोनदा आयएसएल चषक जिंकलेल्या क्लबमधून. त्याच्या खालच्या लीगची अवस्था तर विनोदी म्हणावी अशी: एप्रिलमध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला आय-लीगचे विजेते म्हणून ट्रॉफी दिली, आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने ती इंटर काशीची ठरवली. गोव्यातल्या फॅन्सना तीन महिने मिरवायला मिळालं एवढंच.

दोष फक्त प्रेक्षकांचा आहे असं मी म्हणत नाही. क्लब पैसे गमावतात, वेळापत्रक कुणालाच माहीत नसतं, मुंबई-पुण्यातल्या पोराला खेळायला टर्फचे तासाचे पैसे मोजावे लागतात. पण ज्या लीगमधल्या हरण्या-जिंकण्यावरून कॉलेजच्या कट्ट्यावर कुणी कुणाला छळत नाही, तिच्यावर बोली लावायला कोण पुढे येईल? टीव्हीवाले जाहिरातदारांना शेवटी तेच तर विकतात, तुमची चिडचिड.

करार संपला त्याच्या पाचव्या दिवशी मेस्सी कोलकात्यात उतरला. हजारो रुपयांची तिकिटं काढून आलेल्या लोकांना नेत्यांच्या आणि सेल्फीवाल्यांच्या गराड्यात तो धड दिसलाही नाही. वीसेक मिनिटांत तो निघून गेला आणि सॉल्ट लेकवर खुर्च्या-बाटल्या उडाल्या. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर सगळं नीट पार पडलं, मेस्सी आणि छेत्री भेटले, जर्सी दिली-घेतली. फोटो सुंदर आले. त्या फोटोतल्या एका माणसाच्या देशात त्या घडीला टॉपची लीग अस्तित्वात नव्हती.

याच काळातलं फातोर्ड्यावरचं दुसरं एक चित्र मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. सिंगापूरविरुद्ध हरलो त्यानंतर आठच दिवसांनी तिथे एफसी गोवा विरुद्ध अल नासर मॅच झाली, आशियाई चॅम्पियन्स लीग टूची. रोनाल्डो आलाच नाही. पण गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसने गोल मारला. एफसी गोवा २-१ हरलं, तरी जगातल्या महागड्या क्लबांपैकी एकाला शेवटपर्यंत सुखाने बसू दिलं नाही. आता पुढच्या वेळी कुणी रोनाल्डोवाला भेटला तर त्याला विचारायला तुमच्याकडे एक प्रश्न आहे: साहेब मडगावला का घाबरले? उत्तर काही का असेना, प्रश्न आपला आहे. गोव्याच्या पोराच्या गोलवरून पोर्तुगालच्या देवाला चिडवता येतं, हे सुख युनायटेडच्या जर्सीत मिळणार नाही.

केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केल्याप्रमाणे आयएसएल आता १४ फेब्रुवारीला सुरू होणार आहे. चौदा क्लब, प्रत्येकाची दुसऱ्याशी एकच गाठ, एकूण ९१ मॅच. छोटा मोसम, घाईत जोडलेला. पण मुंबई सिटी आणि एफसी गोवा दोघेही त्यात आहेत, आणि मुंबईकर-गोंयकार एकमेकांना चिडवायला आजवर कधी कमी पडलेले नाहीत. मासे, बिअर, ट्रॅफिक यांवरून चालतं तसं एखाद्या फसलेल्या ऑफसाइड ट्रॅपवरूनही चालेल.

जूनमध्ये वर्ल्ड कप आहेच. आपण ढाक्यात हरलो त्याच तारखेला किंग्स्टनमध्ये क्युरसावने जमैकाला ०-० रोखून त्याचं तिकीट काढलं. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, म्हणजे अख्खा देश कोल्हापुरात आरामात मावेल. त्यांची पहिली मॅच १४ जूनला, जर्मनीशी. तुमच्या ग्रुपवर जर्मनीवाला असेल तर आत्तापासून विचारून ठेवा, २०१८ आणि २०२२ ला ग्रुपमधून पुढे गेला होतात ना तुम्ही?