आकडे जुळले, म्हणजे कपॅसिटर जुळला का?

रिमोटवर धावणारी छोटी मोटार तुम्ही पाहिली असेलच. काहींनी ती स्वतः जोडलीही असेल. २०१६ साली अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना आली आणि मोटर, बॅटरी, वेगनियंत्रक हे शब्द शाळकरी मुलांच्या तोंडी रुळू लागले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण एक दिवस ही गाडी बंद पडते. वेगनियंत्रक उघडून पाहावा, तर त्यावरचा नळकांड्यासारखा कपॅसिटर डोक्याशी फुगलेला असतो. पुढे काय होते? एक तर "बोर्ड गेला" म्हणून सारा नियंत्रक कपाटात जाऊन पडतो. नाही तर कोणी तरी जुन्या कपॅसिटरवरचे दोन आकडे, मायक्रोफॅरड आणि व्होल्ट, कागदावर टिपून बाजारातून तसाच दुसरा आणतो. गाडी चालते, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा थांबते.

माझ्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. पहिल्यात पैसा वाया जातो, दुसऱ्यात शिकण्याची संधी.

आधी हा कपॅसिटर तिथे कशासाठी असतो ते पाहू. वेगनियंत्रक मोटरला सलग प्रवाह देत नाही. तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि चालू राहण्याचा काळ कमीजास्त करून वेग ठरवतो. हे काम मॉस्फेट नावाचे ट्रान्झिस्टर करतात. आता, जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला तर पाइप कसा धडधडतो? बॅटरीच्या तारांतील प्रवाह एकदम तोडला की तसाच विद्युत्‌दाबाचा धक्का बसतो. तारा जितक्या लांब, तितका धक्का मोठा. कपॅसिटर हा धक्का पोटात घेतो आणि पुढच्याच क्षणी मोटरला लागणारा प्रवाह पुरवतो. तो निकामी झाला की धक्के थेट मॉस्फेटवर बसतात, आणि मग खरोखरच बोर्ड जातो.

म्हणजे या कपॅसिटरमधून सतत प्रवाह ये-जा करत असतो. त्याच्या आत थोडा रोधही असतो. त्याला ईएसआर म्हणतात. नववी-दहावीत शिकलेले सूत्र इथे लावा: उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. समजा, ये-जा करणारा प्रवाह ५ अँपिअर आहे. रोध ०.०२ ओहम असेल तर ०.५ वॉट उष्णता निर्माण होते. रोध ०.१ ओहम असेल तर २.५ वॉट! बोटाच्या पेरापेक्षा लहान डबीत एवढी उष्णता मावणार कशी? आतला द्रव तापतो, वायू तयार होतो, डोके फुगते. गंमत अशी, की या दोन्ही कपॅसिटरांवर छापलेले मायक्रोफॅरड आणि व्होल्ट अगदी सारखे असू शकतात. साधा मल्टिमीटरसुद्धा दोघांची धारिता बरोबरच दाखवील. ईएसआर आणि सोसता येणारा रिपल प्रवाह कळतो तो उत्पादकाच्या माहितीपत्रकातून.

तिसरी गोष्ट तापमानाची. नागपूर जिल्ह्यातील, कन्हान नदीकाठचे खापा गाव घ्या. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. प्लॅस्टिकच्या बंद खोळीत, तापलेल्या मॉस्फेटशेजारी बसलेल्या कपॅसिटरचे काय होत असेल? अशा कपॅसिटरांचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांवर २००० तास टिकणारा कपॅसिटर ७५ अंशांवर सुमारे १६,००० तास टिकेल; ८५ अंशांचा, तेवढ्याच तासांचा कपॅसिटर त्याच जागी केवळ ४००० तास. थंड गावात चालून जाणारी निवड विदर्भाच्या उन्हाळ्यात चालत नाही.

खापा हे हातमागाचेही गाव. तिथला विणकर सूत घेताना केवळ वजन पाहून घेत नाही; सुताचा नंबर पाहतो, पीळ पाहतो, ओढून बळ पाहतो. कारण सूत मागावर ताण सोसणार आहे. सुटा भाग निवडतानाही प्रश्न हाच विचारायचा: याला तिथे काय सोसायचे आहे?

त्यानुसार निवड अशी करावी. लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्ट देतो. दोन सेलांचे झाले ८.४, तीन सेलांचे १२.६. धक्क्यांसाठी जागा ठेवून दोन सेलांना १६ आणि तीन सेलांना २५ व्होल्टांचा कपॅसिटर घ्यावा. धारिता मूळची किंवा थोडी जास्त. तापमान १०५ अंश, ईएसआर कमी. जागा असल्यास एकाऐवजी दोन समांतर जोडावेत. प्रवाह वाटला जाऊन प्रत्येकातली उष्णता चौथाई होते. पाय आखूड ठेवावेत. पट्टी असलेली बाजू ऋण, हे कधीही विसरू नये. उलटा जोडलेला कपॅसिटर फुटतो.

काही जण म्हणतील, "एवढा विचार कशाला? दहापट मोठा लावून टाका." पण मोठा आणि साधा कपॅसिटर लहान पण कमी ईएसआरच्या कपॅसिटरपेक्षा वाईट ठरू शकतो, शिवाय बॅटरी जोडताना मोठी ठिणगी उडते ती वेगळीच. काही शिक्षकांना मुलांच्या हाती सोल्डरिंग गन देण्याची धास्ती वाटते. ती अनाठायी नाही. लिथियम बॅटरीच्या तारा एकमेकींना चिकटल्या तर आग लागू शकते. म्हणून बॅटरी काढून, कपॅसिटर रोधातून रिकामा करून, शिक्षकांच्या देखरेखीखालीच काम करावे. आणि मॉस्फेटच जळाला असेल, तर नुसता कपॅसिटर बदलून उपयोग नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे.

पण धास्तीपोटी कपाटाला कुलूप लावणे हा उपाय नव्हे. शिक्षकांना माझी विनंती आहे: बंद पडलेला नियंत्रक टाकू नका, तो एका तासाचा पाठ करा. फळ्यावर सूत्र लिहा, माहितीपत्रक वाचायला द्या, कपॅसिटर मुलांनाच निवडू द्या आणि "हाच का?" असे विचारा. गाडी जोडणे किटमधल्या चित्रावरून जमते. ती का बंद पडली हे शोधायला मात्र विज्ञान यावे लागते. तुमच्या शाळेच्या कपाटात असा एखादा बोर्ड पडला आहे का? उद्याच विचारून पाहा.